नवस एकाचा, खर्च सगळ्यांचा

३० ऑक्टोबर २०१५च्या रात्री बुखारेस्टमधल्या 'कोलेक्टिव्ह' नावाच्या नाइट क्लबला आग लागली. त्या आगीने एकूण चौसष्ट बळी घेतले, आणि त्यातले निम्म्याहून जास्त लोक नंतरच्या दिवसांत इस्पितळांमध्ये दगावले. संतापलेले रुमानियन लोक रस्त्यावर उतरले तेव्हा त्यांच्या तोंडी एक घोषणा होती : 'आम्हाला इस्पितळं हवीत, कॅथेड्रलं नकोत.' रोख होता तो त्याच शहरात, संसदेच्या प्रचंड इमारतीमागे उभ्या राहत असलेल्या अवाढव्य ऑर्थोडॉक्स कॅथेड्रलकडे. त्याचा बहुतांश खर्च सरकारी तिजोरीतून होत होता. काम काही थांबलं नाही. २५ नोव्हेंबर २०१८ला, देशाच्या एकीकरणाची शताब्दी साधून, कॅथेड्रलचा अभिषेकसोहळा झाला.

जगात कुठेही सरकारी पैशाने भव्य मंदिर, मशीद, चर्च किंवा मूर्ती उभारायचं घाटत असलं की वाद याच वळणाने जातो. एक बाजू खाटा, शाळा आणि नळजोडण्या मोजून दाखवते. दुसरी बाजू विचारते, की स्टेडियमवर खर्च होतो, संचलनांवर होतो, मंत्र्यांच्या बंगल्यांवर होतो, तेव्हा तुमचे हे हिशेब कुठे असतात? पहिली बाजू मग दुसरीला धर्मांध म्हणते, दुसरी पहिलीला धर्मद्वेष्टी म्हणते, आणि तोवर पायाभरणी उरकलेली असते. दोन्ही बाजू चुकीच्या प्रश्नावर भांडतात असं मला वाटतं.

माझी भूमिका आधीच सांगून टाकतो. करातून आलेल्या पैशाने सरकारने नवी भव्य धार्मिक स्मारकं बांधू नयेत. गरीब देशाने बांधू नयेत आणि श्रीमंत देशानेही बांधू नयेत. इस्पितळात जमिनीवर गाद्या टाकाव्या लागत असोत किंवा खाटा रिकाम्या पडलेल्या असोत, माझं उत्तर तेच राहील. कारण मुळात हा खर्चाचा प्रश्नच नाही. पैसा कोणाकडून, कोणत्या अधिकाराने घेतला आणि जे उभं राहिलं त्याचा मालक कोण झाला, हा प्रश्न आहे. आणि या व्यवहारात सर्वांत आधी नाडला जातो तो नास्तिक किंवा अल्पसंख्य माणूस नसून श्रद्धावंतच असतो, हे मला मुख्यतः दाखवायचं आहे.

इस्पितळाचा युक्तिवाद टाळ्या मिळवतो, पण टिकत नाही. देशातला शेवटचा माणूस पोटभर जेवेपर्यंत नाट्यगृह नको, संग्रहालय नको, अवकाशात यान सोडायला नको, असा दंडक घातला असता तर कुठल्याच देशात काहीच उभं राहिलं नसतं. भाकरीपलीकडच्या भुकाही खऱ्या असतात, आणि गरिबाला त्या नसतात असं मानणं हा त्याचा अपमान आहे. शिवाय एका कामाचा वाचलेला पैसा आपोआप चांगल्या कामाकडे वळतो, हा भाबडा समज आहे. वाचलेल्या पैशातून रणगाडेही येतात.

आयव्हरी कोस्टची गोष्ट या युक्तिवादाच्या बाजूने नेहमी सांगितली जाते, म्हणून ती नीट पाहू. राष्ट्राध्यक्ष फेलिक्स उफुए-ब्वान्यी यांनी १९८३ साली आपलं जन्मगाव यामुसुक्रो हेच राजधानी म्हणून जाहीर केलं. तिथे १९८५ ते १९८९ या काळात त्यांनी रोमच्या सेंट पीटर्सच्या धर्तीवर, पण तिच्याहून उंच, १५८ मीटरची बॅसिलिका, म्हणजे भव्य कॅथलिक चर्च, उभारली. कोकोचे भाव कोसळलेले होते आणि १९८७ साली देशाने परकीय कर्जाचे हप्ते थांबवले होते. पैसा आपल्या घरच्या मिळकतीतला असल्याचं राष्ट्राध्यक्ष सांगत. एकपक्षीय राजवटीत पाव शतक सत्तेवर असलेल्या माणसाची घरची मिळकत कुठे संपते आणि देशाची तिजोरी कुठे सुरू होते, हे विचारायची सोय नव्हती. पोप जॉन पॉल दुसरे यांनी सप्टेंबर १९९०मध्ये अभिषेक केला, पण शेजारी इस्पितळ बांधण्याची अट घालून. इस्पितळाचीही पायाभरणी झाली. ते प्रत्यक्ष सुरू व्हायला पंचवीसेक वर्षं लागली.

हे ऐकल्यावर इस्पितळवाले म्हणतील, झालं की सिद्ध! पण उलट बाजूने विचार करू. इस्पितळ आधी बांधून झालं असतं, कोकोला सोन्याचा भाव आला असता, तर बॅसिलिका योग्य ठरली असती का? देशात कॅथलिक अल्पसंख्य होते. कोणाच्या देवाला, कुठे, केवढं घर बांधायचं हे एका माणसाने ठरवलं, आणि ते त्याच्या जन्मगावी बांधलं. खाटा वाढल्याने यातलं काय बदललं असतं? इस्पितळाचा युक्तिवाद करणारे नकळत कबूल करून बसतात की पैसा पुरेसा असेल तर हे चालेल. उद्या एखाद्या तेलसंपन्न सरकारने शंभर इस्पितळं आणि एक महामूर्ती एकाच दिवशी जाहीर केली तर त्यांच्याकडे बोलायला काही उरत नाही.

आता समोरच्यांचे दमदार मुद्दे घेऊ. पहिला इतिहासाचा. वेरूळचं कैलास लेणं, तंजावरचं बृहदीश्वर, अंगकोर वाट, बोरोबुदूर, इस्तंबूलची हाया सोफिया : राज्यकर्त्यांनी हात आखडता घेतला असता तर यातलं काय उरलं असतं? आज ज्या वास्तूंपुढे आपण, अगदी नास्तिकही, तोंडात बोट घालून उभे राहतो, त्या शेतकऱ्याच्या साऱ्यातूनच उभ्या राहिल्या ना? मग पूर्वजांच्या उधळपट्टीवर अभिमान सांगायचा आणि स्वतःची पाळी आली की काटकसर शिकवायची, हा दुटप्पीपणा नाही का?

हा मुद्दा मला मनापासून मान्य आहे, निदान अर्धा. कैलास लेणं न झालेलं जग मला नको आहे. पण राजाने बांधलं म्हणून प्रजासत्ताकाने बांधावं, या उडीत मधला एक मोठा खड्डा विसरला जातो. राजाची तिजोरी राजाची होती, किंवा निदान तो तसं मानत होता. त्याने राज्य मुलाला दिलं, कैद्यांना हत्तीच्या पायी दिलं, मर्जी झाली तर गाव इनाम दिलं. यातलं आपण काय काय उचलणार आहोत? वारसा म्हणून वास्तू जपायची असते. ती ज्या सत्तेने बांधली तिचे हक्कही वारशात आले, असं समजायचं कारण नाही.

शिवाय इतिहास म्हणजे केवळ राजांची तिजोरी, हेही खरं नाही. सांचीच्या स्तूपावर शेकडो छोटे दानलेख आहेत. कोणी व्यापारी, कोणी भिक्षुणी, कोणी गृहिणी, कुठे अख्खं गाव. दक्षिण तोरणावरचं काही कोरीव काम विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांनी केल्याची नोंद तिथेच कोरलेली आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहात धेनुकाकटाच्या यवनांनी खांब दान केल्याचे लेख आहेत. आजच्या भाषेत ही वर्गणी झाली, आणि तिच्यातून उभं राहिलेलं दोन हजार वर्षं टिकलं आहे.

आणि मराठी माणसाला तर सांचीपर्यंत जायचंही कारण नाही. होळकरांच्या राज्यात दौलतीचा हिशेब वेगळा आणि खासगीचा वेगळा होता. १७३४ साली मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई यांना लावून दिलेल्या जहागिरीपासून ही खासगी सुरू झाली. पुढे अहिल्याबाईंनी काशीपासून सोमनाथपर्यंत देवळं, घाट आणि धर्मशाळा बांधल्या त्या या खासगीच्या उत्पन्नातून. सगळं राज्य त्यांच्याच हातात होतं. दौलतीतून चार लाख उचलले असते तर अडवणारं कोण होतं? लेखापरीक्षक नव्हते, विरोधी पक्ष नव्हता, न्यायालयात जनहित याचिका नव्हती. तरी धर्मकार्याचा पैसा आणि राज्याचा पैसा यांत त्यांनी सरमिसळ होऊ दिली नाही. खासगीच्या गावांचा महसूलही शेवटी रयतेच्या घामातूनच आलेला होता हे खरं, आणि त्या मर्यादेसह हे उदाहरण घ्यायला हवं. पण अडीचशे वर्षांपूर्वी एका राज्यकर्तीला हिशेबाच्या दोन वह्या ठेवाव्याशा वाटल्या, आणि त्यांचं नाव घेऊन बोलणाऱ्या आजच्या पुढाऱ्यांना मात्र एकच वही पुरते, याचं नवल वाटल्यावाचून राहत नाही.

दुसरा मुद्दा मला सर्वांत अवघड वाटतो. कर हा नेहमीच कोणाच्या तरी मनाविरुद्ध खर्च होतो. अहिंसावादी माणूस सैन्यासाठी कर भरतो. निपुत्रिक माणूस शाळेसाठी भरतो. ऑपेरा ज्याला कर्णकटू वाटतो तोही ऑपेरागृहासाठी भरतो. मग धर्मालाच तेवढी वेगळी वागणूक का?

या प्रश्नाचं एक जुनं उत्तर १७८५ साली अमेरिकेतल्या व्हर्जिनियात मिळालं. ख्रिस्ती धर्मशिक्षकांच्या वेतनासाठी कर बसवण्याचा प्रस्ताव तिथे आला होता. प्रस्ताव तसा उदार होता : आपला पैसा कोणत्या पंथाला जावा हे करदात्यालाच निवडता येणार होतं. तरी जेम्स मॅडिसन यांनी त्याविरुद्ध निवेदन लिहिलं. धर्मासाठी नुसते तीन पेन्स सक्तीने घेण्याचा अधिकार ज्या सत्तेला आहे, तिला उद्या बाकी सक्ती करण्यापासून कोण रोखणार, असा त्यांचा सवाल होता. या प्रस्तावाविरुद्ध सर्वांत हिरिरीने उतरले ते बॅप्टिस्ट, म्हणजे पक्के श्रद्धाळू. सरकारमान्य चर्चच्या राज्यात परवान्याशिवाय प्रवचन केल्याबद्दल त्यांच्या उपदेशकांनी तुरुंग पाहिला होता. धर्माला सरकारी पैसा मिळू लागला की सरकारी परवानाही मागोमाग येतो, हे त्यांना अनुभवातून कळलं होतं. प्रस्ताव बारगळला आणि १७८६ साली त्याच व्हर्जिनियात धर्मस्वातंत्र्याचा कायदा झाला.

अहिंसावाद्याच्या उदाहरणाचं उत्तर यातच आहे. सैन्य त्याच्या घराचंही रक्षण करतं, शाळेतून शिकून आलेली डॉक्टर निपुत्रिकालाही तपासते. पण शंभर मीटरचा देव त्या देवाला न मानणाऱ्यासाठी काय करतो? फार तर सावली देतो. दुसरं म्हणजे सैन्यावरचा खर्च चुकला असं वाटलं तर पुढच्या निवडणुकीत तो कमी करता येतो. महास्मारक एकदा उभं राहिलं की त्याविरुद्ध मत देऊन उपयोग नसतो. आणि तिसरं, मला सर्वांत महत्त्वाचं वाटणारं : सरकारने बांधलेलं धर्मस्मारक हे सेवा नसून विधान असतं. या देशाच्या घरात कोण मालक आणि कोण भाडेकरू, हे ते न बोलता सांगतं, आणि ते सांगण्याचा खर्च भाडेकरूकडूनही वसूल केलेला असतो.

भारतीय घटनाकारांना हा पेच ठाऊक होता. एखाद्या विशिष्ट धर्माच्या प्रसारासाठी किंवा देखभालीसाठी खास राखून ठेवलेला कर भरण्याची सक्ती कोणावरही करता येणार नाही, असं अनुच्छेद २७ सांगतो. यातला 'खास राखून ठेवलेला' हा भाग पळवाट ठरू शकतो हे उघड आहे, कारण सर्वसाधारण महसुलातून खर्च केला की खास काही राखलेलं नसतंच. हज अनुदानाच्या प्रकरणात २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की करउत्पन्नाचा मोठा हिस्सा एका धर्मासाठी वापरला तर या अनुच्छेदाचा भंग होईल, लहानशा हिश्शाने होणार नाही. कायदा म्हणून हे समजण्यासारखं आहे. पण या मोजमापाने मोठ्या अर्थसंकल्पाच्या देशात कितीही मोठी मूर्ती लहानच ठरेल.

मग येतो बहुसंख्यांचा दावा. आम्ही ऐंशी टक्के आहोत, करही आम्हीच भरतो, आमच्या पैशाने आमचं स्मारक झालं तर बाकीच्यांनी कुरकुर का करावी? रुमानियातही ऑर्थोडॉक्स लोकांचं प्रमाण असंच जबरदस्त आहे. पण हा दावा स्वतःलाच खातो. ऐंशी टक्के लोकांना खरोखर स्मारक हवं असेल तर वर्गणी गोळा करणं किती सोपं! जितकं बहुमत मोठं, तितकी सरकारी पैशाची गरज कमी. तरीही कर लागत असेल तर दोनच कारणं संभवतात : एक तर उरलेल्या वीस टक्क्यांकडून वसुली करायची आहे, किंवा ऐंशी टक्क्यांमधले पुष्कळ जण स्वतःच्या खिशात हात घालायला तयार नाहीत. पहिलं अन्यायाचं आहे. दुसरं असेल, तर ज्या श्रद्धेच्या नावाने बांधायचं ती श्रद्धा पुढाऱ्याने गृहीत धरलेली आहे.

आता श्रद्धावंतांकडे वळतो. सरकार देवाला घर बांधून देतं तेव्हा त्या घराच्या किल्ल्या कोणाकडे राहतात? कोलोनचं कॅथेड्रल पाहा. १२४८ साली पाया घातलेलं हे काम सोळाव्या शतकात अर्धवट थांबलं होतं. एकोणिसाव्या शतकात ते पुन्हा सुरू झालं तेव्हा निम्म्याहून जास्त पैसा लोकांच्या संस्थेने वर्गणी आणि सोडतीतून जमवला, बाकीचा प्रशियाच्या सरकारने दिला. प्रशियाचा राजा प्रोटेस्टंट, कॅथेड्रल कॅथलिक. वरवर पाहता केवढी सर्वधर्मसमभावी गोष्ट! १५ ऑक्टोबर १८८० रोजी सम्राट पहिला विल्हेल्म याच्या उपस्थितीत पूर्तीचा राष्ट्रीय सोहळा झाला. त्या दिवशी कोलोनचे आर्चबिशप कुठे होते? देशाबाहेर परागंदा. चॅन्सेलर बिस्मार्कने कॅथलिक चर्चविरुद्ध चालवलेल्या मोहिमेत त्यांना आधी तुरुंगात टाकलं होतं, आणि सुटल्यावर त्यांना देश सोडावा लागला होता. कळसावर शेवटचा दगड चढला तेव्हा धर्मगुरू हद्दपार आणि सम्राट यजमान. सरकारला वास्तू हवी होती, ती ज्यांची होती ती माणसं नको होती. या उदाहरणावर मी इतका रेंगाळलो कारण सरकारी भक्तीचा स्वभाव इतक्या स्वच्छपणे क्वचितच दिसतो.

मॉस्कोच्या ख्राइस्ट द सेव्हियर कॅथेड्रलची कथा याहून कठोर आहे. नेपोलियनच्या माघारीनंतर, १८१२ साली, झार पहिला अलेक्झांडर याने ते बांधण्याचा संकल्प सोडला. १८८३ साली त्याचा अभिषेक झाला. ५ डिसेंबर १९३१ला स्टालिनच्या सरकारने ते सुरुंग लावून उडवलं. त्या जागी सोव्हिएत प्रासाद उभा राहायचा होता, तो कधीच राहिला नाही. १९६०पासून तिथे पोहण्याचा तलाव होता. मग १९९५ ते २००० या काळात कॅथेड्रल होतं तसं पुन्हा बांधलं गेलं. बोल्शेविकांनी गावकऱ्यांच्या पैशाने बांधलेली साधी चर्चही पाडली, तेव्हा वर्गणीने बांधलं की सुरक्षित, असा दावा मी करणार नाही. पण राजवटीची शान म्हणून बांधलेली वास्तू पुढच्या राजवटीचं पहिलं लक्ष्य होते, हे मात्र दिसतं. हाया सोफियाचंही तेच : ५३७ साली सम्राट जस्टिनियनचं चर्च, १४५३ साली सुलतानाची मशीद, १९३४च्या निर्णयाने प्रजासत्ताकाचं संग्रहालय, २०२०मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या हुकमाने पुन्हा मशीद. या फेऱ्यांत प्रार्थना करणाऱ्याला कोणी काही विचारलं नाही.

भव्यतेबद्दलही बोलायला हवं, कारण वाद साध्या देवळाचा नसतो, मीटरचा असतो. प्रार्थनेला उंची लागत नाही. उंची लागते ती शेजाऱ्याला दाखवायला. कॅसाब्लांकाच्या हसन दुसरा मशिदीचा मिनार २०० मीटरच्या वर जातो आणि ती १९९३ साली पूर्ण झाली. मोरोक्कोशी कायम तणातणी असलेल्या अल्जीरियाने पुढे राजधानीत २६५ मीटरचा मिनार उभारला. ज्यांच्या हौसेने तो उभा राहिला त्या राष्ट्राध्यक्ष बुतेफ्लिकांना, प्रार्थनागृह उघडण्याआधीच, २०१९ साली लाखोंच्या निदर्शनांपुढे पायउतार व्हावं लागलं. यामुसुक्रोच्या बॅसिलिकेतल्या रंगीत काचांच्या चित्रांत येशूच्या सान्निध्यात खुद्द उफुए-ब्वान्यी दिसतात. रशियन सैन्यदलांच्या २०२० साली उघडलेल्या कॅथेड्रलसाठी पुतिन यांची आकृती असलेलं मोझाइक तयार झालं होतं, ते बोभाटा झाल्यावर वगळलं. ही उदाहरणं हसण्यावारी नेण्यासारखी आहेत. स्पेनमधलं हुकूमशहा फ्रँकोचं स्मारक तसं नाही. डोंगर पोखरून केलेली बॅसिलिका, वर १५० मीटरचा क्रूस, आणि बांधणाऱ्या हातांत पराभूत प्रजासत्ताकवादी कैद्यांचेही हात. १९५९ साली ते खुलं झालं. यादवीतल्या तेहेतीस हजारांहून जास्त मृतांचे अवशेष तिथे आणले गेले, त्यातले अनेक घरच्यांना न विचारता. २४ ऑक्टोबर २०१९ला फ्रँकोचं शव तिथून हलवावं लागलं. ज्या वास्तूच्या माथ्यावर युरोपातला एवढा प्रचंड क्रूस आहे तिच्याबद्दल साठ वर्षं चाललेल्या भांडणात ख्रिस्ताचं नाव क्वचितच आलं असेल.

पर्यटनाचा मुद्दा मी थोडक्यात आटोपतो, कारण तो मांडणाऱ्यांचाही त्यावर फारसा विश्वास नसतो. जगभरातून लोक पाहायला येतात अशी दोन आधुनिक धर्मस्थळं घ्या. रिओचा ख्रिस्त १९३१ साली उभा राहिला तो कॅथलिकांनी जमवलेल्या देणग्यांतून. ब्राझीलमध्ये चर्च आणि सरकार त्याआधी चाळीस वर्षं वेगळं झालं होतं. बार्सिलोनाची साग्रादा फामिलिया १८८२पासून देणग्यांवर, आणि अलीकडे तिकिटांवर, चालली आहे. पैसा संपला की काम थांबतं, आला की पुढे सरकतं. आणि हे सगळं जर गुंतवणूक म्हणूनच करायचं असेल तर देवाला मध्ये कशाला आणायचं?

इथवर मी वर्गणीची बाजू घेतली. आता तिच्यातली खोट सांगायला हवी. हसन दुसरा मशीद कागदोपत्री लोकवर्गणीतून झाली. सव्वा कोटीच्या आसपास लोकांनी पैसे दिले आणि प्रत्येकाला प्रमाणपत्र मिळालं. पण राजाच्या नावाच्या मशिदीसाठी सरकारी अधिकारी दारात वर्गणी मागायला येतो तेव्हा नाही म्हणणारा कोण? तिला वर्गणी म्हणायचं की पावती मिळणारा कर? घानामध्ये उलटं घडलं. नाना अकुफो-आडो यांनी २०१६ची निवडणूक जिंकलो तर देवाला राष्ट्रीय कॅथेड्रल बांधीन असा नवस केला होता. निवडून आल्यावर सांगितलं गेलं की सरकार फक्त जमीन देईल, बाकी पैसा देणग्यांचा. आक्रामधल्या मोक्याच्या जागेवरचे न्यायाधीशांचे बंगले पाडले गेले. देणग्या पुरेशा आल्या नाहीत, आणि पाच कोटी ऐंशी लाख डॉलरच्या आसपास सरकारी पैसा खर्च होऊन हाती आला तो पायाचा खड्डा. डिसेंबर २०२२मध्ये देशाने बहुतेक परकीय कर्जाची परतफेड थांबवली आणि पुढच्या मेमध्ये नाणेनिधीकडून तीन अब्ज डॉलरचं कर्ज मंजूर करून घेतलं. घानामधल्या पुष्कळ ख्रिस्ती मंडळींनीच या प्रकल्पाविरुद्ध आवाज उठवला, कारण नवस ज्याचा त्याने फेडावा, एवढी साधी गोष्ट त्यांना कळत होती.

जुन्या वास्तूंचं जतन मी या आक्षेपातून वगळतो. बोरोबुदूरच्या डागडुजीवर मुस्लिमबहुल इंडोनेशियाने युनेस्कोच्या मदतीने पैसा खर्च केला, ते काम १९८३ साली संपलं, आणि कोणी म्हटलं नाही की सरकार बौद्ध झालं. जी वास्तू आधीच सगळ्यांच्या इतिहासात आली आहे तिला वाचवणं आणि नवा दावा ठोकणं या वेगळ्या गोष्टी आहेत. सरकारने स्वतः पाडलेलं बांधून देणं हीदेखील भरपाई आहे. यात्रेकरूंना पाणी, रस्ता आणि चेंगराचेंगरीपासून संरक्षण देणं तर सरकारचं कामच आहे, यात्रा कोणाचीही असो.

सोमनाथच्या वेळी या सीमारेषेची जाण दोन्ही बाजूंना होती. नोव्हेंबर १९४७मध्ये सरदार पटेलांनी पुनर्बांधणी जाहीर केली तेव्हा गांधीजींनी विचारलं की पैसा कुठून येणार, आणि सरकारी तिजोरीतून घेणार नाही असं पटेलांनी त्यांना सांगितलं. न्यास झाला, देणग्या आल्या. ११ मे १९५१ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते प्रतिष्ठापना झाली. नेहरूंना राष्ट्रपतींनी जाणंही पटलेलं नव्हतं, आणि सौराष्ट्र सरकारने सोहळ्यासाठी पाच लाख रुपये काढल्यावर त्यांनी तीव्र नाराजी कळवली. मंदिर हवं की नको यावर गांधीजी, पटेल आणि नेहरू या तिघांचं एकमत नसेल, पण तिजोरीला हात लावायचा नाही, यावर होतं. आजच्या वादात ही रेष कोणी ओढतच नाही.

राहतो तो जमिनीचा प्रश्न, आणि त्याचं सोपं उत्तर माझ्याकडे नाही. देणग्या खऱ्या असल्या तरी एवढं मोठं स्मारक उभारायला मोक्याची जागा लागते आणि ती बहुधा सरकारच देऊ शकतं. बाजारभावाने दिली तर माझी हरकत नाही. नाममात्र दराने दिली तर तो करच झाला, फक्त अर्थसंकल्पात न दिसणारा. पॅरिसचं साक्रे-केर हे चर्च देणग्यांतून बांधलं गेलं. पण माँमार्त्रच्या टेकडीवरची जागा सक्तीने संपादन करता यावी म्हणून फ्रेंच संसदेने २४ जुलै १८७३ला खास कायदा करून या चर्चला सार्वजनिक उपयुक्ततेचं काम ठरवलं. दोनच वर्षांपूर्वी त्याच टेकडीवरून पॅरिस कम्यूनचा, म्हणजे शहराच्या बंडखोर नगरसत्तेचा, उठाव सुरू झाला होता आणि तो रक्तात बुडवला गेला होता. पैसा भाविकांचा होता, तरी जागा सरकारने मिळवून दिली आणि तिच्यासोबत उठावावरचा निकालही दिला. २०२२ साली या वास्तूला ऐतिहासिक स्मारकाचा दर्जा देण्याचा विषय निघाला तेव्हा डाव्यांनी कम्यूनच्या मृतांची आठवण काढून आक्षेप घेतलेच.